पप्पांना न येणारं गाणं

त्या दुपारी मला प्रार्थना सुचत नव्हती. शाळेत इंग्रजीत पाठ केलेली प्रभूची प्रार्थना ओठांवर येई आणि अर्ध्यावर सुटे. घरची मराठी प्रार्थना सुरू करावी, तर ती पप्पांच्याच आवाजात ऐकू येई. आणि पप्पा तर माझ्यासमोर खाटेवर श्वासासाठी धडपडत होते.

दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता, दुःखसहनाचा आठवडा. पप्पा आमच्या चर्चच्या मंडळीचे गायनमास्तर. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी गायकांची तालीम घेताना त्यांना दम्याचा झटका आला. एवढा जोराचा झटका मी कधी पाहिला नव्हता. त्यांना जवळच्या दवाखान्यात आणलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची नळी लावली. पण सिलिंडर संपत आला होता. दुसरा आणायला माणूस टांगा घेऊन गेला होता. सिस्टर मला म्हणाल्या, “त्यांना बोलू देऊ नका. घाबरले की श्वास आणखी तुटतो. सिलिंडर येईपर्यंत त्यांना शांत ठेवा.”

शांत कसं ठेवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. आई घरी धाकट्यांपाशी होती. मी चारचौघांत नीट बोलतसुद्धा नाही. पण आमच्या घरी आजाऱ्याच्या उशाशी गीत म्हणायची रीत आहे. म्हणून मी वॉर्डाकडे पाठ केली आणि हळू आवाजात पप्पांचं आवडतं गीत सुरू केलं. पहिल्याच ओळीला त्यांचा हात चादरीवरून उचलला गेला. ते ताल देत होते. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलू लागले. एके ठिकाणी माझा सूर खाली उतरला तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि ती जागा मला दाखवायला त्यांनी श्वास ओढला. तो पुरा आलाच नाही. ओठ निळसर दिसले. मी गाणं तिथंच थांबवलं. ज्या गीतांनी त्यांनी इतक्यांना धीर दिला, तीच त्यांना आता विसावू देत नव्हती. मास्तरांसमोर गीत सुरू झालं की मास्तरांना ते चालवावंच लागतं.

मग जी शांतता पसरली ती मला सोसवेना. त्यांच्या छातीतली शीळ तेवढी ऐकू येत होती.

शेजारच्या खाटेवर मागावर काम करणारा एक तेलुगू माणूस पाय मोडून पडला होता. त्याची बायको नरसम्मा त्याचं अंग दाबता दाबता काहीतरी गुणगुणत होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना बायका म्हणतात तसलं गाणं, चरख्याच्या फेऱ्यासारखं, एकाच लयीत पुन्हा पुन्हा येणारं. नवरा म्हणाला, “घरी म्हण म्हटलं तर म्हणत न्हाय. हितं लाजच न्हाय तुला!”

“घरी तुमी घोरताय की,” ती म्हणाली आणि पुढे गुणगुणू लागली.

पप्पांची मान तिकडे वळली होती. हात चादरीवर पडून होता. मला भीती वाटली. देवानं गळा दिला तो देवासाठीच, असं म्हणून त्यांनी घरात कधी रेडिओसुद्धा येऊ दिला नव्हता. ही कदाचित त्यांची शेवटची घटका, आणि ती मी असल्या गाण्यावर घालवायची? पण त्यांना ते गाणं येत नव्हतं. त्यात त्यांना काही दुरुस्त करायचं नव्हतं.

मी उठून तिच्यापाशी गेले. “अक्का, जरा मोठ्यानं म्हणता का? पप्पांसाठी.”

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणते की. पर तू बी म्हण, मला एकटीला लाज वाटतीय.”

अख्खा वॉर्ड आमच्याकडे पाहत होता. मला शब्द कळत नव्हते, म्हणून मी नुसता सूर धरला. ओळ संपली की ती थांबे, आणि त्या थांब्यात पप्पा श्वास सोडू लागले. मी त्यांची छाती सोडून कुठेच पाहत नव्हते. एक श्वास अडकला तशी मी नरसम्माचा हात घट्ट धरला. तिनं गाणं थांबवलं नाही. तो श्वासही सुटला. केव्हातरी माझ्या ध्यानात आलं, की मघापासून न सुचलेली प्रार्थना माझी चाललीच आहे. टांग्याची घंटा खाली वाजली तेव्हाही आम्ही गातच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना बोलता येऊ लागलं. त्यांनी नरसम्माला त्या गाण्याचा अर्थ विचारला. ती पदराआड हसली. “काय न्हाय दादा. जत्रंतनं बांगड्या आणल्या न्हाईत म्हणून बायको रुसलीय.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. ते म्हणाले, “बरं झालं, रुसली.”

उत्तम शुक्रवारी डॉक्टरांनी त्यांना गायला मनाई केली होती. ते मंडळीत सर्वांत मागच्या बाकावर माझ्याजवळ बसले. समोर गायक बेसूर झाले, पण त्यांचा हात उचलला गेला नाही. प्रभूने वधस्तंभावरून ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ म्हटलं, तो भाग वाचला गेला तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले होते. बाहेर कुठेतरी माग खडखडत होते. तो आवाजही त्या दिवशी मला उपासनेतलाच वाटला. प्रभूकडे काही मागावं असं मनात नव्हतं. शेजारी माझे वडील श्वास घेत होते, आणि मी डोळे मिटून ते ऐकत राहिले.