ट्रॉलीचे चार कोपरे

सोनीबाई साठीची आहे. कापूस वेचताना तिचे दोन्ही हात चालतात. बाकीच्यांचा एक हात आणि तोंड. मी तीस वर्षं जिनिंगमध्ये गाठी उचलल्या. काम कशाला म्हणतात ते मला कळतं.

तिचा पाडा डोंगराच्या पायथ्याशी. तिथून कळसाडीला रतिलालचं शेत सहा किलोमीटर. वेचणीच्या दिवसांत रतिलाल स्वतः ट्रॅक्टर घेऊन जातो आणि वीस बायकांना ट्रॉलीतून आणतो. तीच ट्रॉली संध्याकाळी शेणखत वाहते. सोनीबाईनं त्याला तीनदा सांगितलं, "आप्पा, ट्रॉली धुवा. लुगडं शेणमा बुडस." तो तीनदा म्हणाला, उद्या.

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. त्या दुपारी रतिलालच्या मुलीनं, काजलनं, गावच्या समाजमंदिरात माहितीपट लावला; बाजाराला आलेल्या पाड्यावरच्या बायकाही बसल्या. ती लोणखेड्याला कॉलेजात आहे. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना खताच्या गोण्या मी ठोकल्या. एकही खिळा वाकला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांची हकीकत होती. बसमध्ये त्यांना मागे बसवायचे, गोरा आला की उठवायचे. मग एका शहरातले काळे लोक वर्षभर बसमध्ये चढलेच नाहीत. पायी कामाला गेले. काजल मधेमधे थांबवून अहिराणीत सांगत होती.

रतिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. उभा राहून म्हणाला, "माणूसले माणूस आसं वागवस का? शरमनी गोट शे!"

सोनीबाई माझ्या कानाशी म्हणाली, "दगाभाऊ, त्यास्ना पायमा बूट शेत. रस्ता बी डांबरी. वरीसभर कोणी बी चालीन." पण नजर पडद्यावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पाड्यावरून रिकामा परतला. बायका कधीच आडवाटेनं निघाल्या होत्या. एरवी आठला येतात, त्या दहाला पोचल्या, ओळीनं, हसत. आभाळ भरून आलेलं, फुटलेला कापूस लोंबत होता. अंधाराआधी घर गाठायचं म्हणून चार वाजले तशा परत निघाल्या.

"सोनीबाई, हाई काय नवं?" रतिलालनं विचारलं.

"काही नही आप्पा. सिनेमा देखा ना. तुम्ही तं रडनात बी."

"आवं, ते अमेरिकानं शे!"

"शेण तं आठलंच शे, आपला गावनं."

वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे तोटा तिचाही. तरी दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी काजलनं बापाकडे नुसतं पाहिलं. त्यानं ट्रॉलीत दोन बादल्या पाणी ओतलं. दोन बादल्यांत ट्रॉली धुतली जात नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. मग गंमत बघायला मी ट्रॅक्टरवर बसून पाड्यावर गेलो. ट्रॉली धुतल्याचा निरोप आधीच गेला होता, म्हणून बायका थांबल्या होत्या. सोनीबाई चाकावर पाय देऊन वर चढली, कोपऱ्यात बोट फिरवलं, वास घेतला आणि उतरली.

"चला वं बायास्वन, पायी."

चौथ्या दिवशी उजाडताच रतिलाल पाइप आणि खराटा घेऊन ट्रॉलीत. मी बांधावर बसलो होतो.

"डावा कोपरा ऱ्हायी गया," मी म्हटलं.

त्यानं मला एक शिवी दिली आणि डावा कोपरा घासला. दोनदा. काम ठीक झालं. उत्तम नाही, ठीक.

पाड्यावर सोनीबाईनं चारही कोपरे बोटानं तपासले. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आत बसली. मागोमाग बाकीच्याही, तशाच अनवाणी.

"आप्पा, हाकला बेगी," ती म्हणाली. "पाय भलता दुखी ऱ्हायनात."