डोळं मिटून निवडायचा कॅमेरा

तुम्हाला वाटलं असंल, आता मी लिहिणार की मामा शांत होते, मनमिळाऊ होते. न्हाई ओ. सुदाममामा म्हंजी दौंडमधी लग्नाचं शूटिंग करणारा सगळ्यात खेकसणारा माणूस. नवरदेवालासुद्धा म्हणायचे, "हनुवटी वर कर, जेलात चाललाय का?" मी शिरूरला बसून त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. आई, म्हंजी त्यांची सख्खी बहीण, तीबी फसायची.

मामा गेल्याचा फोन आला तवा मी रांजणगावला, कंपनीच्या बसमधी होतो. रडू नंतर आलं. आधी आठवलं ते येगळंच... जल्मभर दुसऱ्यांचं शूटिंग करणाऱ्या मामांचा एकुलता एक व्हिडिओ माझ्याकडं होता. आन् त्याचं मी काय करून ठेवलंय, ते फक्त मलाच म्हाईत होतं.

मला शॉर्टफिल्म करायची होती, बजेट जेमतेम. मामा मला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेले. शेवटी दोन उरले. एक चकचकीत, चित्र एकदम झकास, पण बाहेरचा माइक जोडायची सोयच न्हाई. दुसरा पोचे आलेला, पण माइकवाला. मामांनी माझ्या कानाला हेडफोन लावला. "डोळं मीट. आता सांग, कुठला?"

"मामा, पिक्चर काय डोळं मिटून बघत्यात व्हय?"

"चित्र हाललं तरी लोक बसत्यात. आवाज गेला की उठत्यात."

मी चकचकीत घेतला. मामांनी खोक्यातल्या स्पंजचा तुकडा फाडून हातात दिला. "ह्यो तरी कॅमेऱ्यातल्या माइकवर चिकटव." मी बॅगेत टाकला. आजबी हाय तो बॅगेत.

पहिलं शूटिंग घोड नदीच्या काठाला. मामा पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या पुढं उभे राहिले, हात हलवून बोलत राहिले. मी लांब, झूममधी गुंग. घरी येऊन लावलं तर नुसतं फर्रर्र... वारंच वारं. मामांना सांगायची हिंमत झाली न्हाई. आन् तीन आठवड्यांत मामाच गेले.

दहाव्याला मामी म्हणली, "बाळ्या, त्यांचं बोलणं तुझ्याकडं हाय ना? तेराव्याला लाव. एकदा ऐकू दे."

न्हाई कसं म्हणू? दोन दिवस नुसतं ते वारंच ऐकत बसलो. मग गोधडीत डोकं खुपसून मामांच्या आवाजात मीच बोललो. "माझं समदं चांगलं झालं. काळजी करू नका..." मामांच्या मिशीनं निम्मे ओठ झाकलेले, म्हणून ते व्हिडिओवर चढवायचा धीर केला.

तेराव्याला टीव्हीवर लावलं. माणसं हुंदके द्यायला लागली. मामी मातुर रडंना. एकदा टीव्हीकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

"आवाज बंद कर."

"मामी, ते..."

"बंद कर म्हणलं ना! लग्नात त्यांच्यासंग लाईट धरून उभी असायचे मी. कानाशी बँड. लाईट वर का खाली, ते ओठांवरनंच कळायचं. आन् तू मला त्यांचं बोलणं ऐकवतोस?"

मी आवाज बंद केला. मामी सरकत सरकत टीव्हीला पार चिकटली. मामांचे ओठ हलत होते. त्यांच्याबरोबर मामीचे हलायला लागले. आधी नुसतेच... मग आवाज फुटला, मग चढला. अगदी मामांसारखाच.

"आरं गाढवा, वारं आत घुसतंय! स्पंज लाव म्हणलं होतं ना तुला? एक तरी गोष्ट ऐक की रं कवा!"