पिंपावरचं आडनाव

अण्णांच्या दुकानात भांड्याचा भाव कळायच्या आधी गिऱ्हाइकाला आपलं आडनाव सांगावं लागे. तुम्ही एखादा डबा उचलून विचारा, "हा केवढ्याला?" की चष्म्यावरून बघत ते म्हणणार, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही काहीच म्हणालेले नसायचात. आता आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अण्णा मात्र छातीवर हात ठेवून सांगत, "जातीशी मला काय करायचंय हो? मी आडनावासाठीच आडनाव विचारतो." ते खोटं बोलत नव्हते. फक्त आपण अर्धंच खरं बोलतोय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांना दाखवून द्यायचं काम पुढं आमच्या आईकडे आलं.

हुबळीत दुर्गद बैलच्या बाजारातल्या गर्दीत त्यांचं स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यांचे आजोबा कधीतरी कोल्हापूरकडून पोटासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. दुकानात दोन नोकर होते, पण विकलेल्या भांड्यावर नाव घालायचं काम अण्णा कुणाच्या हाती देत नसत. "कन्नड का मराठी?" एवढंच विचारायचं, भांडं मांडीत आडवं घ्यायचं, की मशीन टर्रर्र करत निघालं. अक्षर असं वळणदार, की लोक नाव पुसेल म्हणून भांडं हळू घासायचे. जन्मभर अख्ख्या गावाची आडनावं हाताखालून गेल्यामुळं त्यांच्या डोक्यात शिरगणती पक्की झालेली. "सरकार कधीतरी मोजतंय, मी रोज मोजतोय," म्हणायचे.

शिरगणतीबरोबर त्यांची मतंही असत. पाटील, जोशी, कुलकर्णी ही त्यांच्या मते आडनावंच नव्हती. "ते हरभऱ्याचं पीक आहे. मूठभर टाका, शेतभर येतंय." उळ्ळागड्डी आणि मेणसिनकाई, म्हणजे आपल्या भाषेत कांदा आणि मिरची, अशी आडनावं सांगणाऱ्या कन्नड घरांबद्दल मात्र त्यांना आदर होता. "बघा, काय नाव हाय! एकदा ऐकलं की विसरणं नाही." एकदा ही दोन्ही घरं एकाच वेळी दुकानात आली, तर अण्णांनी दोघांनाही कॉफी पाजली. का पाजली ते त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

स्वतःचं आडनाव सांगताना मात्र अण्णा उभे राहायचे. मोरघळकर! "जगात एकच घर." मोरघळ हे गाव आता कुठंच नाही. प्लेगात ते उठलं आणि पुन्हा वसलं नाही, एवढं सगळ्या कहाण्यांत समान असे. बाकी तपशील समोरच्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे बदलत. नुसती वाटी घेणाऱ्याला अण्णांचे पूर्वज गावचे साधे वाणी असत. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्याला ते गढीचे मालक होत. शेवट ठरलेला. "सगळं गाव गेलं, आणि आमच्या खापरपणज्यानं वेशीला कुलूप घालून मग पाय काढला." वेशीला कुलूप कसं घालतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण एक गोष्ट ते फार शहाणपणाची सांगत. "गावात असेतो त्या गावचं नाव कुणी लावत नाही हो. मोरघळात मोरघळकर कोण? सगळेच! गाव सुटलं की मग माणूस त्या गावचा होतो."

एवढं दुर्मिळ आडनाव मिरवणाऱ्या माणसाला दुःख कसलं? तर सुतकाचं! शेजारच्या कापडवाल्याचा कुठला तरी लांबचा चुलता वारला की तो कपाळाला आठ्या घालून दहा दिवस सुतक धरायचा, सणवार बुडायचे, तो वैतागायचा. अण्णा त्याच्याकडे हेव्यानं बघत. "नशीब लागतं! मला वैतागायलासुद्धा चुलता नाही." माणूस जातं त्या दिवशी त्याच्या घरात आणि भावकीत चूल पेटत नाही, ही आपली रीत. अण्णांची बायको आधीच गेलेली, मुलगा विनायक बेंगळूरला. "मी गेल्यावर चूल बंद कोण ठेवणार सांगा? माझी चूल मीच पेटवतोय. ती तर आपोआपच बंद!" असं म्हणून ते मोठ्यानं हसत. आपण हसलो की मग त्यांचं हसू थांबायचं.

म्हणून ते दुसरा मोरघळकर शोधत असत. लग्नपत्रिका, पेपरातले दुखवटे, पुढं नोकराच्या मोबाइलवर सगळी दुनिया धुंडाळून झाली. कुणी सापडलं नाही की खट्टू व्हायचे आणि दुसऱ्या क्षणी खूष. "म्हटलं नव्हतं, एकच घर!" आणि सगळ्या बाजाराला ऐकवून ठेवलेलं, "मोरघळकर दिसला की तो माझा भाऊ. विचारायचं नाही, तपासायचं नाही. रक्तच ते!" माणसानं असं मोठ्यानं बोलू नये. ऐकणारा असतो.

तो भाऊ, म्हणजे बहीण, एका सकाळी दुकानात आली. ती आमची आई. बाबा तारिहाळच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, आम्ही स्वतःचं घर बांधलं होतं, आणि नव्या घरात पाण्याला मोठं नळाचं पिंप घ्यायचं आईनं मनाशी धरलं होतं. मी विद्यानगरच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. हमालीला म्हणून मला बरोबर नेलेलं.

"आडनाव काय म्हणालात?" अण्णांनी मशीन हातात घेत विचारलं.

"मराठीत घाला. कुमुद मोरघळकर."

मशीन हवेतच टर्रर्र करत राहिलं. अण्णांनी ते बंद केलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग गल्ल्यावरून अशी उडी मारून बाहेर आले, की मला वाटलं पितळेचे हंडे आता अंगावर येतात. "अय्यो! मोरघळकर? कुठले? कोण? बसा की अक्का! ए, खुर्ची आण! चहा सांग! अरे भावकी आली माझी!" बाजूचा कापडवाला धावत आला, त्यालाही सांगितलं. डोळ्यांत पाणी आलेलं, ते शर्टाच्या बाहीनं पुसत होते. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू? आपलं आडनाव ऐकून कुणाला रडू आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चेहरा बदललेला पुष्कळदा बघितला होता.

"मग कुलदैवत कुठलं म्हणायचं आपलं?" अण्णांनी मोठ्या आशेनं विचारलं. त्यांच्या घरात त्यावर वाद होता म्हणे.

आई सरळ बाई. "आमच्यात कुलदैवत नाही अण्णा. आम्ही बौद्ध."

चहा तेवढ्यात आला. अण्णा काही वाईट बोलले नाहीत, हे आधी सांगते. आपल्या हातानं पेला आईला दिला, "घ्या, निवेल," म्हणाले. कापडवाला घसा खाकरून निघून गेला. मग अण्णांनी पिंप जवळ ओढलं, नेहमीच्या सुंदर अक्षरात 'कुमुद' घातलं, आणि मशीन बंद करून म्हणाले, "जागा संपली."

आईनं पिंपाकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. "ह्या पिंपात मी बसून आंघोळ करीन अण्णा. आणि आमचं आडनाव मावत नाही?"

"लांबडं आहे हो ते."

"तुमच्या पाटीवर मावलंय की!"

"मशीन तापलंय," अण्णा म्हणाले, आणि वाट्या पुसायला लागले.

रिक्षात मी नुसती धुमसत होते. "दुसऱ्या दुकानातून घालून घेऊ. ह्याची काय मक्तेदारी आहे?" आई म्हणाली, "अजिबात नाही. ज्यानं अर्धं घातलं त्यानंच पुरं करायचं. मला कुठं घाई आहे?" आमची आई अंगणवाडीत जन्म काढलेली. हट्टी पोरांना जेवू घालायचा तिला सराव होता.

त्यानंतर बाजारात गेली की ती दुकानात डोकावायचीच. "काय अण्णा, झालं का मशीन थंड?" अण्णा लगबगीनं खुर्ची पुढं करत, चहा सांगत, आणि कारण देत. सुई बोथट झाली. लाईट गेली. आज अमावास्या. चहाच्या बाबतीत माणूस चोख होता. सगळ्यांना तोच पेला, आईलाही तोच. मला त्यांचं गणित हळूहळू कळलं. चहा पोटात जातो, कुणाला दिसत नाही. भांड्यावरचं नाव राहतं, आणि ते तर त्यांच्याच हातचं राहणार.

पण आई उठायला लागली की ते तिला बसवून घेत, कारण गावाच्या खऱ्या गोष्टी आईजवळ होत्या. सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्या तिला सांगितलेल्या. अण्णांना फक्त कुलूप ठाऊक होतं. आईला चिंच ठाऊक होती, ओढा ठाऊक होता, गाव उठलं तेव्हा मागं राहिलेली मढी कुणी उचलली तेही ठाऊक होतं. "कुलूप तुमच्या खापरपणज्यानं घातलं असेल अण्णा," ती म्हणायची, "पण किल्ली आमच्याकडे ठेवून गेले. आम्ही सगळ्यांच्या शेवटी निघालो." अण्णा लहान पोरासारखे ऐकत बसत. गिऱ्हाइकाला भावसुद्धा सांगायचे नाहीत. आडनाव विचारायचंही विसरायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "पायऱ्यांची विहीर होती म्हणतात गावात. पाणी कसं होतं हो तिचं? गोड होतं?"

आईनं पेला खाली ठेवला. "ते तुम्ही सांगायचं अण्णा. आम्हाला ती नुसती लांबून ठाऊक."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, अण्णा भांडून मोकळे झाले असते. आम्ही निघालो तेव्हा ते गल्ल्यावर नव्हतेच, मागं अंधारात हंड्यांच्या रांगेपाशी पाठमोरे उभे होते.

त्याच सुमाराला विनायक बेंगळूरहून येऊन गेला. नव्या नोकरीचं ओळखपत्र त्यानं कौतुकानं दाखवलं. त्यावर होतं, 'विनायक एम.' "तिकडं सगळे असंच लावतात अण्णा, मोरघळकर कुणाला म्हणता येत नाही." हे अण्णांनीच मला सांगितलं. "अख्खं गाव गं! प्लेगानं झालं नाही ते ह्यानं केलं. एका ठिपक्यात घातलं."

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. अण्णा उतरले, हातात कापडी पिशवी. आत येऊन बसले आणि पहिल्यांदा म्हणाले, "कुमुदअक्का, पाणी दे की गं." आईनं पिंपातून तांब्या भरून दिला. ते सगळं पाणी प्याले, तांब्या उपडा करून ठेवला आणि म्हणाले, "गोड आहे." मग पिशवीतून मशीन काढलं. बाबांनी वायर लावून दिली. पिंप रिकामं करायला आई उठली, तर म्हणाले, "राहू दे, भरल्या पिंपाला हादरा कमी." आणि खाली मांडी घालून बसले. वय झालेलं, आणि सवय भांडं मांडीत आडवं घ्यायची. 'कुमुद' कसं देखणं, आणि 'मोरघळकर' असं वाकडंतिकडं आलं, की दुसऱ्या कुणी घातलं असतं तर त्यांनीच नावं ठेवली असती. "बिघडलं," ते ओशाळून म्हणाले.

"मावलं की!" आई म्हणाली.

त्यानंतर त्यांच्या शिरगणतीत दुरुस्ती झाली. "हुबळीत मोरघळकरांची दोन घरं," असं ते सांगू लागले. कुणी जास्त खोदून विचारलं तर त्याला भांड्याचा भाव चढा लागायचा. कापडवाला काही दिवस फिरकला नाही. अण्णांना ते लक्षातसुद्धा आलं नाही, निदान ते तसं म्हणत. माझ्या लग्नात त्यांनी पेल्यांचा जोड दिला, त्यावर माझं नाव माहेरच्या आडनावासकट. हळूच म्हणाले, "विन्यानं टाकलं. तू तरी धर गं." मी तसंही बदलणार नव्हतेच, पण ते त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या शब्दाखातर धरलं असं वाटलं तर वाटू दे.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेतच. विनायक आला, धावपळीत सगळं उरकलं, दुकानाला कुलूप घालून परत गेला. हे कुलूप मात्र खरं होतं. मी तेव्हा सुट्टीला माहेरी आले होते. अण्णा गेल्याचा फोन सकाळी आला, तो आईनंच घेतला, "बरं" म्हणाली आणि ठेवला.

सुतकबितक आमच्या घरात नाही. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशीच ते सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं, आणि आत आणणाऱ्याला आईच पहिली फैलावर घेते. दुपारी जेवायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर ओटा कोरडा. आई खिडकीशी बसलेली. बाबा पेपरात डोकं घालून. भूक नाही म्हणाले.

"आई, स्वयंपाक?"

"गॅस संपलाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

सिलिंडर आदल्या दिवशीच आला होता. मीच तो लावला होता. मी पिंपाचा नळ सोडला, पाणी काढलं, दोघांना दिलं आणि मीही प्याले.