दहा मिनिटं पुढं

जोह्याचा हरेश रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. म्हणायला इंजिनियर, नोकरी कंत्राटी. कंपनीत नवं मोठं मशीन आलं आणि पाच जुने कॉम्प्युटर नुसते सॉफ्टवेअर होऊन त्याच्या पोटात राहायला गेले. एका घरात पाच बिऱ्हाडं. चार सुरळीत, हजेरीचं पाचवं तेवढं रडायला लागलं. कामगाराने गेटवरच्या डबीवर बोट ठेवावं आणि हिरवा दिवा लागूच नये. मागं रांग, रांगेत शिव्या, आणि शिव्यांचा धनी हरेश.

पंधरा दिवस त्याने मेमरी वाढव, डिस्क बदल, सगळं केलं. घड्याळाकडे कोण बघतंय? मग नोंदी चाळताना दिसलं: सात पाच, सात पंधरा, पुन्हा सात सहा, सात सोळा! खालचं मोठं मशीन आतल्या हजेरीच्या घड्याळाला खऱ्या वेळेवर ओढत होतं आणि आतलं एक बारकं सॉफ्टवेअर त्याला परत दहा मिनिटं पुढं ढकलत होतं. वेळ मागं गेली की हजेरीची कामं अडून बसायची.

ते सॉफ्टवेअर मॅनेजर दिनानाथ साहेबांनी आठ वर्षांपूर्वी बसवलेलं. जुन्या कॉम्प्युटरवर त्याला आडवं येणारं कुणी नव्हतं. डबीवर वेळ दिसत नसे. आणि सुटायचा भोंगा मात्र खऱ्या वेळेवर, वा रे वा!

हरेशने लगेच आपल्या मामाच्या जुन्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षं पेणहून गाडीने येणाऱ्या नाथामामाला गेल्या साली तीन उशिरांवर घरी बसवलं होतं. चार मिनिटं, सात, आठ; तिन्ही दहाच्या आतले. "गाडी टायमावर होती रं," मामा गयावया करत होता, आणि सख्ख्या भाच्याने, हरेशनेच, चारचौघांत सुनावलं होतं, "मामा, मशीन खोटं बोलत नाय."

साहेबांनी चहा पीत ऐकून घेतलं. "घरचं घड्याळ तूपण पुढंच ठेवतोस ना? त्याशिवाय ही माणसं वेळेवर येतात होय?"

"साहेब, माझ्या मामाची नोकरी गेली त्यात. त्याला परत घ्या."

"मशीन जलद कर. तुझं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

साहेबांचं सॉफ्टवेअर काढलं असतं तरी मशीन पळालं असतं. हरेशने ते ठेवलं आणि खऱ्या वेळेशी असलेली जोडणी बंद केली. मशीन लगेच पळायला लागलं. थू त्याच्या जिनगानीवर!

संध्याकाळी पेण स्टेशनबाहेर नाथामामा भेटला. हल्ली तो गणपतीच्या कारखान्यात गोणी उचलायचा; भुवयांपर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ.

"मशीन सुधारलं म्हनं?"

"सुधारलं."

"बरं झालं, तुझ्यावरचा ठपका गेला." मामाने मनगट पुढं केलं. "ह्ये बघ. तवापासनं मी घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवलंय. चूक माझीच व्हती, मीच येळेत निघत नसणार. व्हय ना रं?"

हरेशने त्या घड्याळाकडे पाहिलं.

"व्हय, मामा," तो म्हणाला.