घंटीचा आवाज

अलका टरबूजसुद्धा तीनदा ठोकून घ्यायची. एकदा देठाजवळ, एकदा पोटावर, आणि एकदा शेजारच्याच टरबुजाला. दोघांचा आवाज ताडून बघायला. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या बाजारात ती दिसली की भाजीवाली आधीच हात जोडायची, "घे माय, तूच निवड. मी तोंड उघडत नाही." कढई घेतली तर नखाने वाजवून, चादर घेतली तर उजेडात आडवी धरून. नवरा जयवंत म्हणायचा, "माझ्या वेळी कशी काय फसलीस?" ती म्हणायची, "तेव्हा बाबांनी वाजवायला दिलं नाही."

माहेर खानदेशातल्या चोपड्याकडचं. लग्न होऊन ती सिल्वासात आली, कारण जयवंत जवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात लागला होता. हातातला चुडा अजून उतरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. शेजारची गुजराती बाई दारात येऊन म्हणाली, "चाल, घंटीए जईए."

अलकाला त्यातलं 'घंटी' तेवढं कळलं. घंटी म्हणजे देऊळच असणार. नव्या सुनेला देवाला नेतात, इतकं तिलाही ठाऊक होतं. तिने भराभर डोक्यावरून पाणी घेतलं, ठेवणीतली साडी नेसली, ताटात हळदकुंकू, जास्वंदीची फुलं आणि नारळ ठेवला. शेजारीण गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन पुढे, ही ताट सावरत मागे. इकडे देवाला गहू वाहत असतील, असं मनाशी म्हणत ती जाऊन उभी राहिली ती थेट पिठाच्या गिरणीत. गुजरातीत गिरणीला घंटी म्हणतात, हे तिला असं नारळासकट कळलं.

गिरणीवाला भला माणूस. तो हसला नाही. त्याने ताट घेतलं, गिरणीला कुंकू लावलं, नारळ उंबऱ्यावर फोडला आणि नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना खोबरं वाटलं. हसायचं काम बाकीच्यांनी केलं. तेही पुढची कितीतरी वर्षं. अलकाही त्यांच्यात सामील झाली आणि गिरणीला घंटीच म्हणू लागली.

तीच गिरणी यंदा बंद पडली. तिच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं. इतरांचं काही अडलं नाही, ते पिशवीतलं पीठ आणू लागले. अलकाचं मात्र अडलं. सायलीच्या कारखान्यांत कामाला आलेली धुळ्या-जळगावकडची कितीतरी पोरं एकटी राहत होती, त्यांना ती कळण्याच्या भाकरीचे डबे द्यायची. कळणा म्हणजे ज्वारी, अख्खे उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं. हे पीठ पिशवीत मिळत नाही. बाजारातला गिरणीवाला तिचा डबा बघून नाक मुरडायचा, "ताई, तुमच्या उडदानंतर गहू काळपट येतो. गिऱ्हाईक बोलतं मला." मग तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी, नाहीतर उद्या. उद्या म्हणजे पोरांना चपाती. भिका नावाचा एक पोरगा तर डबा उघडून म्हणाला होता, "काकू, काही चुकलं का आमचं?"

म्हणून यंदा भिशीचा नंबर लागला तेव्हा अलकाने ठरवलं, आता घरघंटीच घ्यायची. घरात ठेवायची, विजेवर चालणारी, छोट्या कपाटाएवढी. नवीन परवडणार नव्हती. जुनी मिळाली तर भिशीत बसत होती. आणि हे पैसे बुडाले तर घंटीही गेली आणि डबेही, हेही तिला पक्कं माहीत होतं. पुढचा नंबर लागायला वर्ष जाणार होतं.

मुलगी जुई कॉलेजात शिकणारी. तिने मोबाईलवर दोन दिवसांत घंटी शोधली. फोटोत पांढरीशुभ्र पेटी, वर काळं झाकण, इतका स्वस्त भाव ऐकून जयवंत ताडकन उठून बसला. विकणारा म्हणे फौजी. अचानक बदली झाली, सामान काढून टाकायचंय.

"आई, ओळखपत्राचा फोटोपण पाठवलाय त्याने. युनिफॉर्ममध्ये!"

"स्थळं येतात त्यांचेही फोटो असतात. म्हणून न बघता मुलगी देतात का? त्याला म्हणावं, बघायला येतो."

जुईने विचारलं. उत्तर आलं, कॅम्पमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही. सामान फौजेच्या गाडीने घरपोच येईल. फक्त एक नियम आहे. आधी खात्याची तपासणी. मी एक कोड पाठवतो, तो स्कॅन करा, तुमच्याच खात्यात पाच रुपये येतील.

जयवंत नुकताच पाळीवरून आला होता. अंगाला अजून कारखान्याच्या तेलाचा वास होता आणि त्याला हे प्रकरण जेवणाआधी मिटायला हवं होतं. "येऊ दे की पाच रुपये. घेतोय कुठे, देतोय बिचारा." त्याने आपला फोन काढला, कोडसमोर धरला. पडद्यावर पिन मागणारे ठिपके आले. जयवंतचं बोट पहिल्या आकड्यावर गेलं.

"थांबा!" अलकाने पोळपाटावरूनच ओरडून सांगितलं. पिठाच्या हाताने येऊन तिने फोन उचलला. पडदा पांढरा झाला. "पैसे येणार आहेत ना? मग पिन कशाला?"

"तपासणी गं."

"शेजारीण वाटीभर साखर परत द्यायला आली तर तिला आपण कपाटाची किल्ली काढून देतो का?"

जयवंतने हळूच बोट खिशात घातलं, जसं काही ते त्याचं नव्हतंच.

"पण खरा फौजी असला तर?" जुई हळहळली. "एवढ्या स्वस्तात परत नाही मिळणार, आई."

अलकालाही ते जाणवत होतं. ती पांढरी पेटी तिने मनातल्या मनात ओट्याशेजारी ठेवून पुसूनही टाकली होती. तिने हात धुतले. टरबूज समोर नसेल तर ते ठोकायचं कसं, याचा विचार करत तिने हात पदराला पुसले. आणि मग एकदम तिच्या तोंडावर हसू आलं. "फोन लाव त्याला. मोठ्याने ठेव."

"बोलिए मॅडम," पलीकडून लगबगीचा आवाज आला.

"भैया, घंटी लेनी है. लेकिन पहले बताओ, घंटी का आवाज कैसा है?"

मागे कुणीतरी दुसऱ्या कुणाला फ्रिजचा भाव सांगत होतं. एकाच दुकानात असावं तसं फ्रिज, स्कूटर आणि सोफा विकणं चाललं होतं. "आवाज? एकदम मस्त है मॅडम!"

"मतलब कैसा?"

"टनटन, टनटन! मंदिर जैसा. पूरा मोहल्ला सुनेगा."

जुईने तोंडात ओढणी कोंबली. जयवंत भिंतीकडे तोंड करून हलायला लागला. अलका मात्र गंभीरपणे म्हणाली, "और भैया, बजाने के लिए रस्सी साथ में देंगे ना?"

"रस्सी फ्री मॅडम! आप बस वो कोड..."

फोन बंद झाल्यावर तिघंही पोट धरून हसली. "मी नारळ तरी नेला होता," अलका डोळे पुसत म्हणाली. "याने नारळावाचूनच घंटी वाजवली."

जुईने त्या जाहिरातीची आणि नंबरची तक्रार करून टाकली. अलका तोवर परत फोटो बघत बसली होती. "जुई, त्याची नसली तरी कुणाची तरी आहेच ना ही घंटी? फोटो काय आकाशातून पडला? शोध बरं."

फोटो सापडला मोबाईलवरच, गावातल्या एका ले-वेच म्हणजे खरेदी-विक्रीच्या गटात. खाली गुजरातीत दोनच शब्द होते, घंटी वेचवानी, म्हणजे घंटी विकायची आहे, आणि नंबर. त्या चोराने फोटोसोबत तो 'घंटी' शब्दही उचलला होता; अर्थ तेवढा इथेच राहिला.

अलकाने नंबर लावला. पलीकडे एक म्हातारी बाई होती, आणि ती अलकापेक्षा सवाई निघाली.

"सरनामुं नई आपुं," ती सुरुवातीलाच म्हणाली. पत्ता मिळणार नाही.

"बेन, मला घंटी बघायचीय."

"बद्धा एम ज कहे छे. पहेलां तमे कहो, घंटी एटले शुं?" सगळे असंच म्हणतात, आधी सांगा घंटी म्हणजे काय.

अलकाने पटकन सांगितलं, "जेमां लोट दळाय ते!" ज्यात पीठ दळतात ती.

पलीकडून मोठा सुस्कारा आला. मग त्या बाई, हंसाबेन, सुटल्याच. काय सांगू बेन, एकाने विचारलं पितळेची आहे का, एकाने विचारलं किती किलोची, आणि एकजण तर म्हणाला, न बघता घेतो, फक्त ओटीपी सांगा. मुलगा परदेशात, तो रोज बजावतो, कुणाला घरी बोलवू नकोस. म्हणून घंटी आहे तिथेच आहे.

"तुमचा मुलगा बरोबर सांगतो," अलका म्हणाली. "घरी नका बोलवू. देवळात भेटू. मी नवऱ्याला आणते, तुम्ही शेजारणीला आणा. मला बघा. पसंत पडले तर घंटी दाखवा."

रविवारी सकाळी गावातल्याच आमली भागातल्या देवळाच्या पायरीवर हंसाबेनने अलकाला नखशिखांत न्याहाळलं. अलका पसंत पडली. जयवंतबद्दल हंसाबेन काही बोलल्या नाहीत.

हंसाबेनच्या घरी गेल्यावर अलकाने पिशवीतून ज्वारी-उडदाची पुरचुंडी काढली. कळणा दळायचा म्हणजे कळणाच दळून बघायचा. हंसाबेनने बटण दाबलं. आधी नुसतीच घंटी घरघरली. अलका कान देऊन, मान तिरकी करून ऐकत राहिली. मग मूठ मूठ दाणे सोडले. आवाज जड झाला, पण अडखळला नाही. खालच्या डब्यातलं ऊन ऊन पीठ तिने चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं. जाळ्या काढून उजेडात धरल्या. एक जाळी कोपऱ्यात फाटलेली निघाली.

"आ फाटेली छे," हंसाबेनने तिच्याआधीच सांगितलं. "भाव ओछो करीश." भाव कमी करीन, असं त्या आपणहूनच म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर अलकाचा जीव भांड्यात पडला. व्यवहार तिथेच, समोरासमोर झाला. हंसाबेनने आपल्या फोनवर पैसे आल्याचं बघितलं, शेजारणीकडूनही वाचून घेतलं, मगच अलकाच्या हातात वायर दिली. जयवंत टेम्पोवाल्याला हाक मारायला निघाला तेव्हा अलकाने पिशवीच्या तळातून नारळ बाहेर काढला.

"आ शुं?" हंसाबेन चकित झाल्या.

अलकाने त्यांना चुड्याच्या दिवसांतली ती गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी गुजरातीत. हंसाबेन हसता हसता खुर्चीतच बसल्या. मग त्यांनीच उठून घंटीला कुंकू लावलं, दोन बोटं जरा तिथेच ठेवली, कारण घंटीही घरातलीच होती इतकी वर्षं. नारळ जयवंतने उंबऱ्यावर फोडला. खोबरं शेजारणीला मिळालं, टेम्पोवाल्याला मिळालं.

सोमवारी सायलीला डबे गेले. संध्याकाळी रिकामे डबे परत द्यायला भिका स्वतः आला आणि ओट्याशेजारची पांढरी पेटी बघून म्हणाला, "काकू, हे काय नवीन?"

"घंटी."

"वाजती का?"

आतल्या खोलीतून जुईचा आवाज आला, "टनटन! पूरा मोहल्ला सुनेगा!"

भिकाला काही कळलं नाही. अलकाने हसत बटण दाबलं, आणि घरभर घरघर सुरू झाली.