चौथ्यांदा आरोपी

सिल्वासात मी फौजदारी कायद्याच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवते. मूळची चिपळूणची, बरीच वर्षं वकिली करून इथे आलेली. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा माझा समज जरा पक्काच होता. दर महिन्याला वर्गात मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खोटा खटला, भरवायचे आणि कोण काय होणार ते मीच ठरवायचे.

त्या वर्षी वर्गात किलवणी गावची एक मुलगी होती, वर्गातली एकमेव वारली आदिवासी. तिला मी आरोपी करायचे, आणि तेही कौतुकानं! "तुझी भाषा आहे ना, खरं वाटतं," असं वर म्हणायचे. कारखान्यातल्या साहेबांची मुलं वकील आणि न्यायाधीश व्हायची.

चौथ्यांदा तेच झालं, तेव्हा वर्ग सुटल्यावर ती प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन आली.

"मॅडम, सही पाहिजे."

"का गं? मार्क तर चांगले आहेत."

"घरी विचारतात, आज कोर्टात काय झालीस? मी सांगते, आरोपी. कायदा शिकायला आली मी, पिंजऱ्यात उभी राहायला नाय."

खरं सांगते, आधी मी चिडलेच. एवढं कौतुक करून वर हे ऐकायचं? मग घरी जाऊन मूट कोर्टची वही उघडली. चारही याद्या माझ्याच अक्षरात होत्या. लाजेनं कान तापले.

दुसऱ्या दिवशी अर्ज सही न करताच परत दिला. म्हटलं, "या शनिवारी जादा कोर्ट भरवू, तू न्यायाधीश हो. मग जावंसं वाटलं तर सही करीन."

शनिवारी ती खुर्चीत बसली. नेहमी सरकारी वकील होणारा मुलगा आरोपी होता. तिनं त्याला वारलीत भराभर आरोप वाचून दाखवला.

"कुछ समझा?" तिनं विचारलं.

"नहीं, मॅडम."

"दुभाष्या कुठे आहे?"

मागच्या बाकावरून मीच म्हटलं, "अगं, तूच सांग ना त्याला."

"न्यायाधीश दुभाष्याचं काम करणार नाही," माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली. "आरोप कळल्याशिवाय सुनावणी नाही. दुभाष्या आणायची जबाबदारी तुमची."

दोन तासांचं कोर्ट पाच मिनिटांत उठलं. मला अपमान वाटायला हवा होता, पण खूप आनंद झाला. पुढची तारीख तिनं महिन्यानंतरची दिली होती. म्हणजे ती येणार होती.