चांदणीवालं वीस पैसे

नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते फायलींसारखे आपोआप साठतात, आणि फायलींसारखेच कुणी उघडून बघत नाही. निवृत्त झाल्यावर मी बायकोला सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "माझे ऐकून झाले. आता दुसरं कुणी बघा." म्हणून तुम्हाला धरलंय.

सत्तरच्या दशकात सोलापूरला आमच्या ऑफिसात वळसंगकर होते. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला नाटकाचा, यांना चिल्लरीचा. नाण्यावर सालाखाली ठिपका असला तर ते मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, काहीच नसलं तर कलकत्त्याचं. पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून त्यांनी एकेक नाणं बसवलं होतं. एकच भोक रिकामं होतं: कमळाच्या पिवळ्या वीस पैशांचं, चांदणीवालं. ते व्यवहारातच सापडलं पाहिजे, असा त्यांचा नियम.

"विकत आणलं तर तो छंद कसला? ती मंडई!"

*

ऑफिससमोर शिवलिंगप्पाचं हॉटेल होतं. वळसंगकर अर्धा चहा प्यायचे आणि दहाची नोट पुढे करायचे. आलेली चिल्लर भिंगातून बघायची, मग सगळी परत सरकवून म्हणायचं, "ही नको, दुसरी द्या."

शिवलिंगप्पाने बरेच दिवस सोसलं. शेवटी हात जोडून कानडी हेल काढला. "एन्री साहेब, चहा फुकट घ्या. भजी पण घ्या. पण नोट काढू नका!"

वळसंगकर दुखावले. दुसऱ्या दिवशी शंभराची घेऊन गेले.

*

एकदा ते मंद्रूपच्या बसमध्ये बसले. कंडक्टरने सगळ्यांसारखंच त्यांनाही सांगितलं, "सुट्टं न्हाय. उतरताना बघू."

वळसंगकरांनी खिशातून भिंग काढलं. "बॅग उघडा. सुट्टं आहे की नाही ते मी बघतो."

भिंग बघून कंडक्टरला घाम फुटला. "सायेब, तुमी चेकिंगचे हाय व्हय? आदी सांगायचं की!"

पुढच्या पाच मिनिटांत बसमधल्या प्रत्येकाला उरलेले पैसे परत मिळाले. चांदणी काही निघाली नाही. पण मंद्रूपला उतरताना एक म्हातारबुवा वळसंगकरांना म्हणाले, "रोज येत जावा की सायेब. लई वर्सांनी सुट्टं बघितलं!"

*

आम्हीही काही कमी नव्हतो. एका वीस पैशावर आम्ही खिळ्याने सालाखाली चांदणी कोरली आणि कॅन्टीनच्या पोऱ्याकरवी ते नाणं त्यांच्या सुट्ट्यात सरकवलं.

वळसंगकरांनी भिंग लावलं. श्वास रोखला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हैदराबादवाले पाच टोकांची पाडतात. ही सहा टोकांची. म्हणजे टांकसाळ आपल्याच सेक्शनमध्ये निघाली!"

*

मग गावात आवई उठली की पिवळ्या वीस पैशांत सोनं आहे. झालं! दोन आठवड्यांत ती नाणी बाजारातून गायब. लोकांनी ती ट्रंकेत घातली, उशीत शिवली. आमचे हेडक्लार्क मूठभर घेऊन थेट सोनाराकडे गेले. म्हणाले, अंगठी कर.

सोनार म्हणाला, "करतो की. पण साहेब, यातलं सोनं फक्त माझ्या मजुरीत दिसेल."

हेडक्लार्कांनी तरी करून घेतली. महिन्याभरात बोट हिरवं पडलं. सगळं ऑफिस हसत होतं. एकटे वळसंगकर त्या बोटाकडे हळहळून बघत होते.

"यात चांदणीवालं वितळलं नसेल ना हो?"

*

गणपतीत गल्लीच्या आरतीला ताट फिरलं. वळसंगकरांनी रुपया टाकला आणि निवडून निवडून ऐंशी पैसे परत उचलले. ताट धरलेले गुरुजी थबकले.

"वळसंगकर, दक्षिणा देताय का मोड घेताय?"

*

नाण्यांचा दुष्काळ पडला तसे वळसंगकर खंगायला लागले. जेवण कमी झालं, ऑफिसात चुका वाढल्या. एकदा पगाराची पाकिटं वाटताना त्यांनी नोटांकडे बघितलंसुद्धा नाही. खालची चिल्लर तेवढी चाचपली. शेवटी काळजीने मीच एका रविवारी त्यांच्या घरी गेलो.

वहिनींनी चहा आणला. मी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या हाती कधी आलं नाही का हो ते पिवळं नाणं?"

"आलं होतं की. मागं भाजीवालीनं दिलं होतं."

वळसंगकरांनी बशी खाली ठेवली. "चांदणी होती?"

"होती. बघायला तुम्हीच नाही का शिकवलंत?"

"कुठाय?"

वहिनींनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. देवांच्या शेजारी पिवळ्या फडक्याची छोटी पुरचुंडी होती. "नवसाचं आहे. देवाला निदान सोन्याचं द्यावं म्हटलं."

वळसंगकर देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. हात पुढे गेला, मागे आला. "सोड ना गाठ."

"नवस पुरा झाल्याशिवाय गाठ सुटायची नाही."

"कसला नवस? सांग, आत्ता पुरा करतो! भावजींच्या साक्षीने करतो!"

वहिनींनी पदर सावरला. "तुमचा हा नाण्यांचा नाद सुटू दे म्हणून बोललेय मी."

मी चहाकडे बघत राहिलो. वळसंगकर देव्हाऱ्यापासून एक पाऊल मागे सरले. मग अगदी शहाण्या माणसासारखे म्हणाले, "बरं. सोडला. आजपासून सोडला. आता त्या नाण्याचं काय होणार?"

"देवळातल्या पेटीत जाईल."

वळसंगकरांनी मान डोलावली. जरा वेळाने त्यांनी अगदी सहज विचारलं,

"ती पेटी कधी उघडतात गं?"

वहिनी उठल्या, पुरचुंडी हातात घेतली आणि तिला आणखी एक गाठ मारली.